उजवा दंड, डावा दंड आणि नाना

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वजनमापे खात्यातले एक निरीक्षक आपल्या वडिलांना पलंगावरून खुर्चीत बसवत असताना दोघेही जमिनीवर बसले. पडले नाहीत, बसले. हा फरक निरीक्षकांनी पुढे भेटेल त्याला समजावून सांगितला, आणि तो खरा होता. पलंग आणि खुर्ची यांच्यातल्या दोन हात जागेत त्यांचे दंड आधी थरथरले, मग ढिले पडले, आणि वडिलांना छातीशी धरून ते सावकाश खाली आले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त खाली आल्यावर वर जायचा मार्ग उरला नव्हता.

नानांचं, म्हणजे निरीक्षकांच्या वडिलांचं, खुब्याचं हाड चार महिन्यांपूर्वी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण उजवा पाय अजून भार घ्यायला तयार नव्हता. नानांना उठवून बसवायला रोज सकाळी येणाऱ्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, एका हॉस्पिटलात कायमची नोकरी लागली आणि सोमवारी त्याने निरोप घेतला. निरीक्षकांची बायको दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती, ती साडेसहालाच घराबाहेर पडे. म्हणजे सातची वेळ निरीक्षकांच्या वाट्याला आली. नानांचं वजन अठ्ठावन्न किलो. हॉस्पिटलातल्या काट्यावर ते केलं तेव्हा काट्यावरच्या शिक्क्याची मुदत संपलेली नाही ना, हे निरीक्षकांनी आधी वाकून पाहिलं होतं, त्यामुळे आकड्याबद्दल शंका नव्हती. शंका होती ती उचलणाऱ्याबद्दल.

"लागलं का नाना?"

"नाही. तुला?"

"नाही."

दोघांनी वर पाहिलं.

"इथून पंखा फारच घाण दिसतो रे," नाना म्हणाले.

तेवढ्यात निरीक्षकांच्या खिशातला फोन वाजला. मोठ्या बहिणीचा होता. ताई दुसऱ्या गावात एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि रोज शाळेत निघण्याआधी फोन करायची.

"काय चाललंय?"

"काही नाही. बसलोय."

"नाना?"

"तेही बसलेत."

"खुर्चीत?"

निरीक्षकांना खोटं बोलता येत नसे. तीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडून पकडून त्यांना स्वतःला त्याचा सराव राहिला नव्हता. ते एक सेकंद थांबले, आणि तीस वर्षं वर्गावर घालवलेल्या बाईला एक सेकंद पुरतो. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरचे पैलवान दारात उभे होते. ताईकडे त्यांचा नंबर होता.

पैलवानांचं काचा बसवायचं दुकान होतं. पण कॉलेजात असताना वजन उचलण्याच्या स्पर्धेत त्यांना एक पदक मिळालं होतं आणि ते अजून कुठल्या ना कुठल्या वाक्यात येई. त्यांनी नानांना उशी उचलावी तसं उचलून खुर्चीत ठेवलं. मग मागे वळून हात पुढे केला आणि निरीक्षकांनाही उभं केलं. नानांना उचललं याचं निरीक्षकांना काही वाटलं नाही. पण आपल्याला उचलायची गरज नव्हती, आपण उठतच होतो, हे त्यांनी त्या दिवशी तीनदा बोलून दाखवलं.

संध्याकाळी ताईचा पुन्हा फोन आला.

"हे बघ, भांडत नाहीये मी. माझ्याकडे तळमजला आहे, मागे बाग आहे, पूर्ण वेळ बाई ठेवता येईल. आठ आठवड्यांनी शाळेला सुट्टी लागते. ती लागली की पहिल्याच रविवारी सकाळी येते. माझ्यासमोर तू एकट्याने नानांना खुर्चीत बसव. बसवलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर त्याच दिवशी त्यांना घेऊन जाते."

"म्हणजे परीक्षाच."

"मग काय, पडल्यावर घेऊ?"

"पडलो नव्हतो, ताई. बसलो होतो."

अडचण अशी होती की ताईचं म्हणणं बरोबर होतं. निरीक्षकांनी कागदाच्या दोन बाजू करून लिहूनही पाहिलं. ताईच्या बाजूला सात मुद्दे आले आणि आपल्या बाजूला एकच: खिडकी. नाना आयुष्यभर शिंपी होते. सव्वासातला समोरच्या रस्त्यावरून माणसं कामाला निघत, आणि नाना खुर्चीत बसून एकेकाचा शर्ट तपासत. "ह्याचा डावा खांदा उतरलाय." "कॉलर कुठल्या गाढवाने लावली?" "ही बाई स्वतः शिवते, टीप सरळ आहे." असा तासभर जाई. ताईकडे जाण्याबद्दल नानांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिच्याकडे झाडं आहेत. झाडं कपडे घालत नाहीत."

ते जातो म्हणाले नाहीत आणि राहतोही म्हणाले नाहीत. निरीक्षकांनी दंड कमवायचे ठरवले; तोवर सकाळी नानांना खुर्चीत बसवायचं काम पैलवानांनी अंगावर घेतलं.

आता मध्यमवर्गीय माणसाने त्रेपन्नाव्या वर्षी दंड कमवायचे म्हटलं की दंड सोडून बाकी सगळ्यांचं बळ वाढतं. शेजाऱ्यांचं तर पहिल्या दिवसापासून. पैलवान त्याच संध्याकाळी खाली आले आणि नानांच्या पलंगावर बसून त्यांनी शास्त्र सांगितलं.

"जड उचला. बाकी सगळं थोतांड. चारदा उचलून पाचव्यांदा उचलेना, असं वजन घ्या. आमच्या वेळी, म्हणजे पदकाच्या वर्षी..."

"दहा किलो?"

"सुरुवातीला दहा. लाजू नका."

दुसरं मत फिजिओबाईंचं. त्या आठवड्यातून एकदा नानांचा पाय हलवायला येत. वयाने लहान पण स्वराने कडक. निरीक्षकांचे खांदे चाचपून त्या म्हणाल्या, "सर, एकदम जड नको. तुमच्या सांध्यांना सवय नाही. दुसरी एक पद्धत आहे. दंडाच्या वरच्या टोकाला पट्टा बांधायचा. रक्त आत जातं, पण परत येताना अडतं. मग अगदी हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायचं. आधी तीस, मग पंधरा, पंधरा, पंधरा. स्नायूला वाटतं, फार मोठं ओझं उचललं."

"किती हलकं?"

"अडीच किलो पुरे."

"आणि स्नायूला वाटतं दहा."

"साधारण तसंच."

निरीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. अडीच किलो देऊन दहा किलो भासवणं या विषयावर त्यांनी आजवर साडेचारशे खटले भरले होते. "बाई, ही स्नायूची फसवणूक आहे," ते म्हणाले.

"स्नायू तक्रार करत नाही ना!"

"गिऱ्हाईकही करत नाही. म्हणून तर आमचं खातं आहे."

तरी फिजिओबाईंनी रक्तदाब तपासला, शिरांचा त्रास, गाठी वगैरे काही आहे का विचारलं आणि परवानगी दिली. पट्टा किती आवळायचा, तर दहापैकी सात. निरीक्षकांनी विचारलं, दहापैकी सात म्हणजे किती? बाई म्हणाल्या, सात वाटेल एवढं. निरीक्षकांनी वहीत 'सात' लिहिलं, पुढे एकक लिहायला पेन थांबवलं आणि बराच वेळ ते तसंच थांबलेलं होतं. जाता जाता दारात बाई आणखी काहीतरी म्हणाल्या. उचलताना पायांचा जोर लावायचा, दंड शोभेला असतात, आणि नानांनीही हातांनी रेटा द्यायला शिकायला हवं. हे नानांनी ऐकलं. निरीक्षक अजून एककाचा विचार करत होते.

दोन तज्ज्ञांची दोन मतं पडली तर सामान्य माणूस एकाचं ऐकतो. निरीक्षक सामान्य नव्हते, ते मोजणारे होते. उजव्या दंडाला जड वजन, डाव्याला पट्टा, आठ आठवड्यांनी निकाल. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. यापेक्षा निर्मळ चाचणी असू शकत नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

"आणि नानांना कोणत्या हाताने उचलणार?" बायकोने विचारलं.

"दोन्ही."

"मग एक हात जास्त वाढला तर नाना तिरके नाही का होणार?"

दूध तपासणाऱ्या बाईला असले प्रश्न सुचतात. निरीक्षकांनी तो 'संकीर्ण' या मथळ्याखाली लिहून ठेवला.

डाव्या हाताचं वजन घरातच होतं. नानांची जुनी लोखंडी इस्त्री, लाकडी मुठीची, दोन किलो सहाशे दहा ग्रॅम. नाना पलंगावर बसून अजून काही हातशिलाई करत, तेव्हा कापड सरकू नये म्हणून ती शेजारच्या स्टुलावर ठेवलेली असे. उजव्यासाठी निरीक्षकांनी बाजारातून दहा किलोचं डंबेल आणलं, आणि इथेच पहिला खड्डा लागला. घरी नेण्याआधी त्यांनी ते कार्यालयातल्या काट्यावर ठेवलं. नऊ किलो सातशे वीस ग्रॅम भरलं.

दुसऱ्या कुणी दोनशे ऐंशी ग्रॅम कमी उचलायला मिळाले म्हणून देवाचे आभार मानले असते. निरीक्षकांची झोप उडाली. वस्तूवर दहा छापलं होतं. गिऱ्हाईक म्हणून त्यांनी तक्रार लिहिली, निरीक्षक म्हणून तीच तक्रार स्वीकारली, पोच दिली, पोच घेतली. दोन साक्षीदारांसमोर पंचनामा झाला. डंबेलला दोरी बांधून लाखेचं सील लागलं आणि ते मुद्देमाल खोलीत, जप्त केलेल्या खोट्या वजनांच्या फळीवर, क्रमांक पडून जाऊन बसलं. कुलूप निरीक्षकांनीच लावलं. किल्ली खिशात टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की व्यायाम राहिला.

दुसरं डंबेल घ्यावं तर शहरातल्या सगळ्या दुकानांत माल त्याच कारखान्याचा. म्हणजे पुन्हा तक्रार, पुन्हा पंचनामा. शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. मुद्देमाल खोलीच्या बाहेर न्यायला मनाई होती. खोलीच्या आत उचलायला मनाई असल्याचं कुठल्याही परिपत्रकात सापडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून, सील तुटणार नाही अशा बेताने ते उजव्या हाताने नऊ किलो सातशे वीस ग्रॅम वरखाली करू लागले. पहिल्या दिवशी चार वेळा; नोंदीपुरतं डाव्यानेही एकदा उचलून पाहिलं, तेही चारच. भोवती फळ्यांवर शहरातली सगळी खोटी वजनं रांगेने बसलेली. या खोलीत आपण एकटेच तेवढे खरे, असं त्यांना वाटून गेलं. मग लगेच वाटलं, तेही अजून सिद्ध व्हायचंय.

डाव्या हाताची गोष्ट निराळी. नानांच्या शिवणाच्या डब्यातलं रुंद इलॅस्टिक घेऊन पहिल्या सोमवारी सकाळी त्यांनी ते दंडाला आवळलं. तीस, पंधरा, पंधरा, पंधरा. इस्त्री हलकी होती खरी, पण विसाव्या खेपेला दंडात कुणीतरी निखारे भरल्यासारखं झालं. एवढ्याशा वजनाने एवढी आग! निरीक्षकांना फसवणुकीबद्दल प्रथमच थोडा आदर वाटला. त्या आदराच्या भरात घड्याळाकडे लक्ष गेलं, उशीर झाला होता, शर्ट चढवला आणि ते धावत निघाले. इलॅस्टिक शर्टाच्या आत राहिलं.

कार्यालयाच्या दारात अंगठ्याचं मशीन होतं. निरीक्षकांचा नोंदवलेला अंगठा डावा. तो सुजून वांग्याच्या रंगाचा झाला होता. मशीनने तीन वेळा नम्रपणे सांगितलं की या व्यक्तीला आम्ही ओळखत नाही. चौथ्या खेपेला मागे उभ्या असलेल्या साहेबांनीच तो अंगठा पाहिला.

"काय झालं हो?"

"रक्त परत येत नाहीये, सर."

"कुठून?"

"हातातून."

साहेबांनी डॉक्टरांना बोलवा म्हणून आरडाओरडा केला, निरीक्षकांनी बाही वर करून इलॅस्टिक सोडलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत अंगठा पूर्ववत झाला. पण तोवर मशीनने त्यांना गैरहजर धरलं होतं. ती गैरहजेरी काढायला 'अंगठा न जुळण्याचे कारण' असा एक अर्ज होता. त्यात घाम, जखम, मेंदी आणि इतर असे चार पर्याय होते. निरीक्षकांनी 'इतर' निवडून पुढे खरं ते लिहिलं. अर्ज तीन आठवडे वरच्या कार्यालयात फिरून परत आला. शेरा होता: 'पट्ट्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.'

फिजिओबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "सर, पाच-सहा मिनिटं, बस. मग लगेच सोडायचा. हात गमावून बसला असता. आता माझ्यासमोर करा, नाहीतर बंद करा."

त्या दुपारी नानांनी काही न बोलता जाड कॅनव्हासचा तुकडा मागून घेतला. दोन दिवस बसून हाताने पट्टा शिवला. दुहेरी टीप, आतून मऊ अस्तर, बकलासाठी सात काज. ओढलं की क्षणात सुटेल अशी जीभ, आणि टोकाला पितळेची छोटी घुंगरं, बांधलेला असला की वाजणारी. "आता विसरलास तर ऑफिसभर कळेल," नाना म्हणाले. फिजिओबाईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "नाना, असा विकतही मिळत नाही." त्यांनी बांधून, नाडी बघून, पाचवं काज ठरवून दिलं. "हे तुमचं सात." निरीक्षकांना अखेर एकक मिळालं: काज.

नानांच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा दुकानातला भाव आला होता. मापं घ्यायचं कामही मग त्यांनी स्वतःकडे ओढलं. पहिलं माप निरीक्षकांनी आरशासमोर स्वतःच घेतलं होतं. दोन्ही दंड अठ्ठावीस सेंटिमीटर. पुढे दर रविवारी ते बनियन घालून पलंगाशी उभे राहत, नाना गळ्यातला टेप काढत, आधी उजवा, मग डावा, आणि आकडा मोठ्याने सांगत. लहानपणी शाळेच्या गणवेशाची मापं अशीच व्हायची. तेव्हाही नाना 'सरळ उभा राहा' म्हणत. फरक एवढाच, की तेव्हा नाना उभे असत.

पाचव्या आठवड्यात मुद्देमाल खोलीचं दार अचानक उघडलं. साहेबांना कुठल्या तरी खटल्याचं माप हवं होतं. निरीक्षक कोट काढून, सील लावलेला पुरावा कानाजवळ धरून, "नऊ" म्हणत होते.

"हे काय चाललंय?"

"तपासणी, सर."

"कसली?"

"वजनाची."

"ती काट्यावर करतात."

"हो सर. ही माझी तपासणी आहे."

लेखी खुलासा मागितला गेला. निरीक्षकांनी दोन पानं लिहिली. मंगळवार सकाळ सात वाजून दहा मिनिटांपासून सुरुवात केली, 'पडलो नाही, बसलो' हे अधोरेखित केलं, आणि शेवटी सील शाबूत असल्याचा दाखला जोडला. साहेबांनी तो वाचायला घरी नेला. दुसऱ्या दिवशी फाइल टेबलावर परत होती. शेरा नव्हता. साहेब मात्र जेवणाच्या सुट्टीत मुद्देमाल खोलीच्या बाहेर उभे राहिले आणि कुणी येत नाही ना ते पाहू लागले. "माझी आई पंचाहत्तर किलो होती," ते एकदा दाराच्या फटीतून म्हणाले. निरीक्षकांनी उचलणं थांबवलं नाही.

असे आठ आठवडे सरले. शनिवारी संध्याकाळी शेवटचं माप होतं. वहीतला तक्ता निरीक्षकांनी पैलवानांसमोर आधीच वाचला होता: सात आठवड्यांत उजवा एक सेंटिमीटरने वाढला, डावा अडीचने. पट्टा जिंकला होता. पैलवान पदकासह गप्प झाले होते. निरीक्षकांनी त्यावर रविवारचा सगळा बेत आखला होता: नानांचा भार डाव्या दंडावर, उजवा फक्त आधाराला.

नानांनी उजव्याला टेप लावला. एकोणतीस. मग डाव्याला. आणि निरीक्षकांनी, आठ आठवड्यांत पहिल्यांदाच, छताकडे न बघता टेपकडे बघितलं.

"नाना, टेपच्या आत बोट आहे तुमचं."

"असणारच."

"का?"

"बोटभर सैल ठेवावं लागतं. नाहीतर बाही काचते."

"मी शर्ट शिवत नाहीये!"

"साठ वर्षं तसंच धरतोय रे. हात आपोआप जातो."

"मग उजव्यालाही असंच?"

नाना विचार करू लागले. पलंगावरून उजवा दंड मोजताना डाव्या हाताने टेप धरावा लागे, आणि डाव्या हाताला ती सवय नव्हती. डावा दंड उजव्या हाताने. "म्हणजे, बहुतेक वेळा. कधी बोट गेलंही नसेल. आता ते कसं आठवणार?"

निरीक्षक पलंगाच्या कडेवर बसले. शहरातल्या साडेचारशे दुकानदारांनी मिळून त्यांना जे केलं नव्हतं ते एका बोटाने केलं होतं, आणि ते बोट त्यांच्या वडिलांचं होतं. बोट वजा करून नव्याने मोजलं तेव्हा दोन्ही दंड एकोणतीस निघाले. बरोबर एकेक सेंटिमीटर, ना पट्टा जिंकला ना डंबेल. मग त्यांना आठवलं की ताकद अजून मोजायची आहे. पैलवानांकडून एक जुनं, काट्यावर न घातलेलं दहा किलोचं वजन मागवलं. उजव्याने अकरा वेळा उचललं. डाव्याने आठ.

"बघा! जड ते जड!" पैलवान म्हणाले.

"डावा चारवरून आठवर गेला, अडीच किलोच्या इस्त्रीवर," निरीक्षक म्हणाले. फसवणूक असली तरी ती आता त्यांच्याच घरातली होती, त्यामुळे बाजू घेणं भाग होतं. "पण तुमचं हे वजन किती भरतं?"

पैलवान वजन घेऊन लगबगीने वर गेले.

ते गेल्यावर खोलीत नुसता पंखा फिरत राहिला. तो मधल्या काळात पुसून घेतला होता. निरीक्षक वहीकडे बघत होते. उद्याचा बेत एका बोटावर उभा होता हे कळलं होतं, पण त्यांना त्याहून वेगळीच गोष्ट टोचत होती. आठ आठवड्यांत आपण दंड मोजले, काज मोजले, ग्रॅम मोजले. नानांना इथे ठेवायचंय म्हणून हे केलं, की ज्याला बाप उचलता आला नाही तो मुलगा आपण नाही एवढं दाखवायला? दोन्ही बाजूंना सारखंच वजन पडत होतं, आणि काटा मध्ये थरथरत उभा होता.

"नाना, तुम्हाला जायचंय का?"

नानांनी टेप गुंडाळला, उलगडला, पुन्हा गळ्यात घातला.

"उद्या शर्ट इन करू नकोस," ते म्हणाले. "वाकल्यावर अडचण होते."

रविवारी ताई पावणेसातला टॅक्सीने आली. टॅक्सी तिने खाली थांबवूनच ठेवली. वर आल्यावर नानांच्या पाया पडली, भावाला नखशिखांत पाहिलं आणि त्याचा दंड दाबला. "बरा झालाय," म्हणाली. मग नानांची बॅग भरायला घेतली. जायचं झालंच तर घाई नको म्हणून. रविवार असल्याने बायको घरी होती, ती दाराशी उभी होती. पैलवान जिन्यात होते, कुणी बोलावलं नसताना.

सात वाजून दहा मिनिटांनी निरीक्षक पलंगाशी वाकले. कोणता हात खाली घालायचा याचा निर्णय झालेला नव्हता, म्हणून दोन्ही घातले. गुडघे आपोआप वाकले. शर्ट इन नव्हता. "एक, दोन..." आणि तीनला नाना वर आले. इतके सहज, की निरीक्षकांचाच तोल जायची वेळ आली. एक क्षण दोघं छातीला छाती लावून उभे होते. मग नाना वळले आणि खुर्चीत बसले. खुर्ची करकरली, एवढाच काय तो आवाज.

"झालं," निरीक्षक म्हणाले. त्यांना धापही लागली नव्हती, आणि तेच त्यांना संशयास्पद वाटलं.

"तू उचललंच नाहीस," ताई म्हणाली. "ते स्वतः उठले. मी पाहिलं ना, हात गादीवर रोवून रेटा दिला त्यांनी."

"उचललं मी! भार आला माझ्यावर."

"किती?"

निरीक्षकांनी आकडा शोधत इकडेतिकडे पाहिलं. स्टुलावरची इस्त्री काल ठेवली होती तिथे नव्हती. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, नानांच्या उशीशी होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पंख्याकडे पाहिलं.

"दुपारी तुम्ही सगळे बाहेर असता," नाना खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "तीस, पंधरा, पंधरा, पंधरा. पट्ट्याशिवाय. बाई म्हणाल्या होत्या मीही रेटा द्यायला शिकावं."

"मग पुन्हा करा," ताई म्हणाली. "नाना, या खेपेला तुम्ही हात लावायचे नाहीत."

"मी काय पोतं आहे, दोनदा तोलायला?"

एकट्याने बसव, एवढंच ठरलं होतं. बसणाऱ्याने काय करायचं नाही, हे ठरवताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. निरीक्षकांना नियमातली पळवाट दिसली आणि आयुष्यात प्रथमच तिच्याकडे बोट दाखवावंसं वाटलं नाही.

ताईने हातातली बॅग दाराशी ठेवली. मग खुर्चीमागे जाऊन तीही खिडकीतून बघू लागली. "रविवारी कोण जातंय एवढ्या सकाळी?" ती म्हणाली.

"तो बघ, निळा शर्ट," नाना म्हणाले. "पाठीला चुणी का पडली सांग."

"खांदा मोठा घेतलाय?"

"बाही पुढे लावलीये. बघायला शीक जरा."

आठ वाजता बायकोने चहा आणला. निरीक्षकांनी वहीत तारीख आणि वेळ घातली. एकूण भार अठ्ठावन्न किलो असं लिहिलं. पुढे 'निरीक्षक' आणि 'नाना' असे दोन रकाने आखले आणि दोन्ही कोरे सोडले.

साडेनऊपर्यंतची स्थिती अशी: टॅक्सी खाली उभी आहे. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, पैलवान त्याच्याशी बोलायला खाली गेले आणि पदकापर्यंत पोचले आहेत. नानांची बॅग दाराशी आहे, चेन उघडी. त्यात सहा शर्ट, औषधं, चष्मा आणि कॅनव्हासचा पट्टा आहे. टेप मात्र अजून नानांच्या गळ्यात आहे, आणि ताईने तो मागितलेला नाही.